बिनचोचीचा पोपट

(निवृत्तीनंतर हाती धरलेल्या फ्रेट करवतीने एका अनुरेखकाला काय काय शिकवलं, याविषयी नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा हा संपादित अंश.)



छंद म्हटला की आपल्यासमोर पोस्टाची तिकिटं येतात, जुनी नाणी येतात, फार तर गच्चीवरची बाग येते. माझा छंद सांगितला, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." मग मी सांगतो, की मी पातळ प्लायवूडमधून नक्षी कापतो, तिला चौकट करतो आणि भिंतीवर लावतो. इंग्रजीत याला फ्रेटवर्क म्हणतात. आपण सरळ जाळीकाम म्हणू. हाताच्या करवतीनं करा किंवा विजेवर चालणाऱ्या स्क्रोल सॉ यंत्रावर करा, मूळ गोष्ट एकच. दोऱ्यासारखं बारीक पातं उभं वरखाली होत राहतं आणि आपण रेषेबरहुकूम कापत जातो.

मी मूळचा वाईचा. पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात १९७६ साली अनुरेखक म्हणून लागलो आणि २०१२ साली निवृत्त झालो. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. हे पदही आता बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. अभियंत्यानं पेन्सिलीनं केलेला आराखडा खाली ठेवायचा, वर ट्रेसिंगचा कागद ताणून बसवायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा. कालवे, बंधारे, सांडवे, मोऱ्या, सगळं माझ्या हाताखालून गेलं. रेघ जाड झाली, शाई फुटली, तर दाढीच्या ब्लेडनं अलगद खरवडून काढायची. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कार्यालयात संगणक आला आणि आमच्या हातातलं काम हळूहळू निघून गेलं. शेवटची दहा-बारा वर्षं मी आवक-जावक नोंदवही सांभाळली. कुणाचा दोष नव्हता, पण हात रिकामा झाला होता, हे खरं.

निवृत्त झालो तेव्हा माळ्यावरची एक पत्र्याची पेटी काढली. तिच्यात माझी शाळेतली फ्रेट करवत निघाली. आमच्या वेळी शाळेत हस्तव्यवसायाचा तास असे. कुणी सूत काती, कुणी पुठ्ठाकाम करी, आम्हा आठ-दहा मुलांना गुरुजींनी फ्रेट दिली होती. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी लांब लोखंडी कमान, तिला लाकडी मूठ आणि दोन टोकांमध्ये ताणून बसवलेलं पातं. कमानीला गंज चढला होता, पण चाप अजून घट्ट बसत होते. मी बाजारातून डझनभर पाती आणली. सुरुवात इथून झाली.

श्रोतेहो, हा छंद आजकालचा नाही. बारीक पात्यानं लाकडाचे पातळ पापुद्रे कापून त्यांची नक्षी बसवण्याचं काम युरोपात काही शतकांपासून चालत आलं आहे. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या माणसानं एक नकाशा लाकडाच्या फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापून त्याचे तुकडे केले. मुलांनी ते जुळवायचे आणि भूगोल शिकायचा. आपली नातवंडं जे जिगसॉ पझल जुळवतात त्याचा मूळपुरुष हा. पुढे १८९५ सालापासून इंग्लंडमध्ये 'हॉबीज वीकली' नावाचं साप्ताहिकच निघू लागलं. त्याच्याबरोबर कापायच्या नक्षीचा कागद मिळे. घरोघरची माणसं संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या कडेला फळी अडकवून घड्याळाची घरं, फोटोच्या चौकटी, भिंतीवरच्या फळ्या कापत बसत. आपल्याकडेही जुन्या रेल्वे स्थानकांच्या छपरांना आणि थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांना लाकडी झालर असते, ती जरा मान वर करून पाहा. तीही अशीच फळीतून कापलेली असते.

आता साधनांकडे येतो. हाताची फ्रेट करवत काही शे रुपयांत मिळते. तिच्याबरोबर एक फळी लागते. फळीच्या पुढच्या टोकाला इंग्रजी 'व्ही'सारखी खाच करायची आणि ती टेबलाच्या कडेला शिकंज्यानं घट्ट आवळायची. प्लायवूड या खाचेवर धरायचं आणि करवत खाचेच्या मध्ये उभी चालवायची. पात्याचे दात मुठीच्या दिशेनं, म्हणजे खाली हवेत. करवत खाली ओढताना कापते, वर जाताना नुसती जाते. पहिल्या दिवशी मी पातं उलटं बसवलं होतं आणि अर्धा तास करवतीला नावं ठेवत होतो.

यंत्र घ्यायचं तर काही हजार रुपये मोजावे लागतात. मी २०१३ साली घेतलं. त्याच्या घशाची खोली, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, सोळा इंच आहे. तेवढ्या लांबीचं लाकूड त्यावर फिरवता येतं. यंत्राचं पातं साधारण पाच इंचांचं असतं. काही पात्यांच्या टोकांना आडवी पिन असते, काहींना नसते. बारीक काम करणाऱ्यानं बिनपिनेचं पातं बसणारं यंत्रच घ्यावं. कारण साधं आहे. नक्षीच्या आतल्या प्रत्येक भोकातून पातं ओवावं लागतं आणि पिनेचं पातं ओवायला भोक मोठं लागतं. बिनपिनेचं पातं एक-दीड मिलिमीटरच्या भोकातूनही जातं.

पात्याला क्रमांक असतात. आकडा लहान तितकं पातं बारीक. चार मिलिमीटरच्या प्लायला मी दोन नंबरचं पातं वापरतो, जाड कामाला पाच नंबरचं. पातं ताणून बसवल्यावर बोटानं छेडून पाहावं. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे. भद्द वाजलं तर ताण कमी आहे आणि मग रेघ वाकडी जाणार. आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ही पाती तयार होताना त्यांच्या एका कडेला सूक्ष्म बोचरी धार राहते. त्यामुळे पातं सरळ चालत नाही, एका बाजूला ओढ घेतं. मला वाटायचं, वयामुळे माझा हात चळला. हात चळला नव्हता, पात्याचीच ती खोड होती. लाकूड किंचित तिरकं धरून ढकललं, की रेघ सरळ येते.

लाकूड कोणतं घ्यावं? नवख्यानं प्लायच घ्यावं. प्लायमध्ये लाकडाचे पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि त्यांची संख्या बहुधा विषम असते. त्यामुळे नक्षीचा बारीक दांडा कोणत्याही दिशेला गेला तरी त्याला थोडं बळ राहतं. अखंड लाकडात तसं नसतं. रेषा ज्या दिशेला, त्या दिशेला बळ. आडवा बारीक दांडा कापला की तो बिस्किटासारखा तुटतो. शिवाय सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार लवकर घालवते. एमडीएफ कापायला लोण्यासारखं, पण त्याची भुकटी फार वाईट. त्याबद्दल पुढे बोलतो.

नक्षी कागदावर काढायची. लाकडावर आधी कागदी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर नक्षीचा कागद डकवायचा, म्हणजे शेवटी सगळं एकदम सोलून निघतं. मग जे जे भाग काढून टाकायचे, त्या प्रत्येकात एक बारीक भोक पाडायचं. कापताना आतून बाहेर यायचं. मधली, लहानात लहान छिद्रं आधी, मोठी नंतर आणि बाहेरची कड अगदी शेवटी. जोपर्यंत भोवती लाकूड आहे तोपर्यंत पकडायला जागा आहे आणि नक्षीला आधार आहे. बाहेरची कड आधी कापली, की हातात उरते ती थरथरणारी जाळी.

आणि या साऱ्याच्या आधी एक गोष्ट पाहायची. नक्षीतला प्रत्येक तुकडा दुसऱ्या कशाला तरी जोडलेला आहे का? कागदावर पोपटाचा डोळा हवा तिथे काढता येतो. लाकडात तो डोळा कुठेतरी धरून ठेवायला लागतो, नाहीतर भोवतालचं कापलं की डोळा गळून जमिनीवर पडतो. हे जोडणारे बारीक दांडे, त्यांना आम्ही पूल म्हणतो. कागदावरचं चित्र लाकडासाठी उतरवायचं म्हणजे मुख्यतः पूल कुठे ठेवायचे ते ठरवायचं. माझं अनुरेखकाचं शिक्षण इथे कामी आलं. फरक एवढाच, की ट्रेसिंगवरची चूक खरवडता येते. लाकडातून एकदा काढलेलं परत येत नाही.

आता मी तुम्हाला आमच्या वाईच्या वाड्याची गोष्ट सांगतो. कारण हा छंद माझ्यासाठी वेळ घालवण्यापलीकडे गेला, तो तिथे.

आमचा वाडा काही मोठा सरदारी नव्हता. दोन चौक, एक विहीर आणि माजघराच्या दारावर, हवा खेळावी म्हणून बसवलेली एक लाकडी जाळी. सागाच्या एका फळीतून कापलेली. मध्ये कोयरी, दोन बाजूंना वेल आणि वेलींवर समोरासमोर दोन पोपट. त्यातल्या डावीकडच्या पोपटाला चोच नव्हती. लहानपणी माजघरात विटीदांडू खेळताना विटी जाऊन लागली आणि चोच उडाली. विटी मी मारली होती की दादानं, हा वाद आमच्यात पन्नास वर्षं चालला. मार मात्र दोघांनीही खाल्ला होता.

२०१४ साली वाडा विकायचं ठरलं. छप्पर गळत होतं, भिंतींना तडे गेले होते, राहायला कुणी नव्हतं. दादाचा विकायला विरोध होता. तो म्हणाला, "डागडुजी करू, मी जाऊन राहतो." त्याचं वय तेव्हा सदुसष्ट, गुडघे गेलेले. मला ते पटलं नाही. धाकट्या बहिणीलाही पैशाची गरज होती. कागदावर पहिली सही मी केली. दादानंही शेवटी केली, पण त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेनासा झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गप्प झाला. दिवाळीला गेलो तर वहिनी फराळ आणून ठेवायच्या आणि दादा वर्तमानपत्र उघडून बसायचा.

वाडा पाडायच्या आदल्या आठवड्यात मी एकटाच जाऊन आलो. जाळी काढून आणावी असं मनात होतं, पण व्यवहारात सगळं लाकूड घेणाऱ्याला दिलेलं होतं. मी स्टुलावर चढलो, जाळीवर मोठा ट्रेसिंगचा कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासून तिचा ठसा घेतला. चार कागद लागले. लाकूड उतरवायला आलेले मिस्त्री खालून बघत होते. म्हणाले, "काका, एवढं करता, तर हे घ्या," आणि माळ्याचे मोडलेले दोन दांडे माझ्या हातात दिले. जुना साग. ते मी एसटीच्या टपावर टाकून आणले.

मग घरी महिनाभर ठशावरून नक्षी उतरवली. फळी शंभरेक वर्षांची, कुठे झिजलेली, कुठे रंगाचे थर बसलेले. रेषा पक्क्या करताना मी डावीकडच्या पोपटाला उजव्याची चोच उलटी करून लावली. अनुरेखकाचा हात आहे, अर्धवट रेघ तशीच सोडवत नाही.

आम्ही तीन भावंडं, म्हणून तीन प्रती हव्या होत्या. त्यासाठी चार मिलिमीटरचे तीन प्लाय एकावर एक ठेवून एकदम कापले. फेकून द्यायच्या भागात बारीक खिळे मारले, की तिन्ही हलत नाहीत. एकूण एकशे चाळीस छिद्रं होती. म्हणजे एकशे चाळीस वेळा पातं सोडायचं, ओवायचं, ताणायचं, छेडून पाहायचं. रोज सकाळी दोन तास. पहिला संच बाविसाव्या दिवशी मोडला. वेलीचा एक दांडा मी हौसेनं फारच नाजूक ठेवला होता. दाब नीट धरला नाही, लाकूड पात्याबरोबर वर उचललं गेलं, धडधडलं आणि दांडा तुटला. तीन प्लाय, तिन्ही गेले. त्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका, चिकटवा फेविकॉलनं." मी चिकटवलं नाही. नक्षीत दोन ठिकाणी पूल जरा जाड केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कापून झालं म्हणजे काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं चौकटीत असतं. बरेच जण इथे कंटाळतात आणि तयार चौकट आणून नक्षी तिच्यात कोंबतात. तसं करू नका. नक्षी मागच्या पाठीवर सपाट चिकटवली, तर ती छापील चित्रासारखी दिसते. मागची पाठ आणि नक्षी यांच्यात तीन-चार मिलिमीटरची फट ठेवावी. लाकडाचे बारीक तुकडे नक्षीच्या मागे, समोरून दिसणार नाहीत असे लावायचे आणि त्यांच्यावर नक्षी टेकवायची. मग बाजूनं उजेड आला, की जाळीची सावली मागे पडते. दिवसभर ती सरकत राहते. जाळीकामाचं खरं सौंदर्य या सावलीत आहे. पाठीला फार चकचकीत कापड नको. गडद नक्षीला हातमागाचं फिकट कापड आणि फिकट नक्षीला गडद, एवढं पाळलं तरी पुरे. खालचा समास वरच्यापेक्षा किंचित मोठा ठेवावा. दोन्ही सारखे ठेवले तर डोळ्याला चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं.

चौकटीच्या पट्टीचा हिशेबही सांगून ठेवतो. चित्राचा परिमाप अधिक पट्टीच्या रुंदीच्या आठपट. चित्र बारा बाय अठरा इंच असेल तर परिमाप साठ इंच. पट्टी एक इंच रुंद असेल तर अधिक आठ, म्हणजे अडुसष्ट. कापण्यात थोडं वाया जातं, म्हणून सहा फूट पट्टी आणावी. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापायचे. चार कोपऱ्यांना मिळून आठ काप येतात. प्रत्येक कापात एकच अंश चुकला, तरी शेवटच्या कोपऱ्याला आठ अंशांची फट पडते. समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत एका लांबीच्या हव्यात. आणि चिकटवल्यावर गुण्या लावून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले, की चौकट काटकोनात आहे. भूमितीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या नातवंडांना एकदा चौकट करायला बसवावं.

दादाच्या प्रतीची चौकट मी माळ्याच्या त्या जुन्या दांड्यांतून काढली. आमच्या गल्लीतल्या सुतारानं रंधा मारून दिला. वरचा काळा थर गेला आणि आतून मधासारखा रंग आला, वासही आला. खिळ्यांची जुनी भोकं मी बुजवली नाहीत.

२०१५ च्या पाडव्याला मी ती चौकट घेऊन दादाकडे गेलो. वहिनींनी कागद सोडला. म्हणाल्या, "अहो, इकडे बघा, भाऊजींनी काय आणलंय." दादानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत बसला. माझ्या हाताला घाम सुटला होता. मग वर्षभरानं तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. म्हणाला, "ही आपली जाळी नाही. आपल्या पोपटाला चोच नव्हती."

मला काय बोलावं सुचेना. वहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांनी एवढं करून आणलंय." पण दादाचं बरोबर होतं. मी चौकट परत घरी आणली, मागची पाठ काढली, त्या पोपटाची चोच तिरकी कापली आणि कड बारीक कानशीनं घासून जुन्यासारखी केली. तीन मिनिटांचं काम. आठवड्यानं पुन्हा घेऊन गेलो. दादा स्वतः खिळा घेऊन उभा होता. खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "विटी तूच मारली होतीस."

वाड्याबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही. त्यानं मला माफ केलं का, तेही मला माहीत नाही. पण फराळाच्या वेळी वर्तमानपत्र मध्ये आलं नाही. दादा २०१९ साली गेला. चौकट वहिनींच्या बैठकीत आहे. संध्याकाळच्या उन्हात तिची सावली पडते.

असो. आता चुकांकडे वळतो. त्या सांगितल्या नाहीत, तर बोलणं अर्धवट राहील.

माझ्या स्वतःच्या प्रतीची मी हेळसांड केली. घाईत फक्त पुढच्या बाजूला पॉलिश दिलं, मागची बाजू कोरडी ठेवली. पहिल्या पावसाळ्यातच पोपट वाकला. एक बाजू दमट हवा पिते आणि दुसरी पीत नाही, मग लाकूड धनुष्यासारखं वळतं. दोन्ही बाजूंना सारखंच पॉलिश हवं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्यानं पातळ थरात चढवली, तर सुंदर झळाळी येते. बारीक जाळीत बोळा पोचत नाही, तिथे तेल बरं. उकळलेलं अळशीचं तेल लावून जास्तीचं पुसून घ्यायचं. पण एक सांगतो, ते लक्षात ठेवा. अळशीच्या तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि घडीत कोंडली तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून टाकावी.

काच लावायची असेल, तर पॉलिश पूर्ण वाळू द्या आणि काच नक्षीला टेकू देऊ नका. ओलं पॉलिश काचेला चिकटलं की दोन्ही गेलं. कोकणासारख्या दमट हवेत चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या छोट्या गोळ्या लावाव्यात. भिंत आणि चौकट यांच्यात हवा खेळते आणि बुरशी कमी धरते. ज्या भिंतीत ओल आहे, तिच्यावर चौकट लावूच नये. आणि वर्षातून एकदा मागची बाजू उघडून पाहावी. वाळवी आपल्याला कळवून येत नाही.

प्लाय घेताना साध्या कामाला आयएस ३०३ चं चालतं, ओलीशी संबंध येणार असेल तर आयएस ७१० चं घ्यावं. हे आकडे प्लायवरच छापलेले असतात. आणि तोंडाला मुखपट्टी हवीच. लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेनं १९९५ साली कर्करोगकारक ठरवलं आहे, मग एमडीएफची बारीक भुकटी तर विचारायलाच नको. गॅलरीत बसावं, काम झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं, झाडू मारू नये. पातं तुटतं तेव्हा त्याचा तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा. हे यंत्र इतर करवतींच्या मानानं मवाळ, पण बोट पात्याच्या समोर आलं तर ते बोट आणि लाकूड यांत फरक करत नाही. माझ्या डाव्या तर्जनीवर तीन टाके आहेत. त्या दिवशी मी कापताना रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकत होतो, हे इथे सांगणं बरं दिसत नाही, पण सांगतो.

या छंदाला अलीकडे एक नवा उपयोग मिळाला. २०१८ च्या मार्च महिन्यात राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि गणपतीच्या मखराचं काय, असा घरोघरी प्रश्न पडला. आमच्या सोसायटीतल्या चार मुलांना मी फ्रेट करवत शिकवली आणि सहा मिलिमीटरच्या प्लायचं एक मखर आम्ही केलं. दोन बाजू, एक मागची कमान, खाचेत खाच अडकवून उभं राहणारं. खिळा नाही, फेविकॉल नाही. विसर्जन झालं की सुटं करून जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवायचं. त्या मुलांतली एक मुलगी आता वास्तुशास्त्र शिकते. ती मला म्हणाली, "आजोबा, लेझरनं हे दहा मिनिटांत कापून मिळतं." खरं आहे. मीही एकदा तिच्याबरोबर जाऊन पाहिलं. यंत्रानं डोळ्यादेखत सुबक जाळी कापली, कडा तेवढ्या करपलेल्या होत्या. मला त्याचा राग आला नाही. संगणकानं माझी नोकरी गिळली तेव्हा आला होता, तो केव्हाच ओसरला. घाईचं काम असेल तर लेझरनं जरूर करावं. मी माझ्या दोन तासांसाठी कापतो. त्या दोन तासांत गुडघा दुखत नाही आणि फोन वाजलेला कळत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर मोठ्या नक्षीच्या मागे लागू नका. एक पान घ्या. पिंपळाचं सोपं, त्याच्या आत पाच-सहा शिरा. किंवा दारातल्या रांगोळीतली गोपद्मं घ्या. वारली चित्रातली माणसंही नवख्याला चांगली, कारण त्रिकोणाला त्रिकोण जोडलेलाच असतो, पूल शोधावे लागत नाहीत. पहिल्या तीन-चार पाती तुटणार, हे गृहीत धरा. करवत ढकलू नका, तिला तिच्या वेगानं कापू द्या. आणि जुन्या घरातलं काही उतरवणार असाल, एखादी जाळी, एखादा कठडा, एखादी गणेशपट्टी, तर घर उभं आहे तोवर ठसा घेऊन ठेवा. एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. नंतर आठवणीतून रेषा काढायला बसलं, की प्रत्येक जण वेगळी काढतो.

आणि ठसा घेतलात, तर जे मोडलेलं आहे ते मोडलेलंच उतरवा. मी केली ती दुरुस्ती करू नका.